परक्याला एकटं ठाण्यात पाठवू नका

दिल्लीत राहणाऱ्या आणि दिल्लीला येणाऱ्या सर्व मराठी मंडळींना कळकळीची विनंती

सरोजिनी नगरच्या बाजारात, पिंक लाइनच्या मेट्रोत किंवा रिंग रोडच्या बसथांब्यावर तुमच्या डोळ्यांदेखत एखाद्या परदेशी माणसाचा फोन, पासपोर्ट किंवा पैसे गेले, कुणी त्याला मारहाण केली, एखाद्या परदेशी मुलीच्या अंगाला कुणी हात लावला, तर त्या व्यक्तीला नुसता ठाण्याचा रस्ता दाखवून घरी जाऊ नका. सोबत जा. एफआयआरची प्रत हातात पडेपर्यंत तिच्या शेजारी बाकावर बसून राहा. मागणं एवढंच आहे, पण ते आजपासून हवं आहे. सणासुदीची गर्दी सुरू झाली की या बाजारात रोज कुणाचं ना कुणाचं काही जातं, आणि त्यातलं फार थोडं कागदावर येतं.

हा बाजार आपल्याला चांगला ठाऊक आहे. सोमवार सोडला तर निर्यातीतून उरलेल्या कपड्यांच्या ढिगांभोवती माणसांची रेटारेटी चालू असते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये इथल्या गर्दीचं चित्रण पाहून दिल्ली उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं आणि दुकानं सम-विषम पद्धतीने उघडायची वेळ आली. या गर्दीत महाराष्ट्रातून सहलीला आलेली कुटुंबं असतात. चाणक्यपुरीतल्या दूतावासांचे कर्मचारी असतात, मुनिरकाकडे खोली घेऊन राहणारे आफ्रिकी विद्यार्थी असतात. जवळच एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी रुग्णालयं असल्याने आजारी माणसाला घेऊन दूरदेशाहून आलेले नातेवाईकही असतात. पाकीटमाराला यातला सगळ्यात सोयीचा माणूस कोण, हे सांगायला नको. ज्याला भाषा येत नाही, ज्याचं विमान परवा आहे आणि ज्याच्या ओळखीचं इथे कुणी नाही, तो तक्रार करणार नाही अशी चोराची खात्री असते. ती खात्री मोडणं आपल्या हातात आहे.

पहाडगंज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. बृहन्महाराष्ट्र भवन तिथे, नूतन मराठी शाळा तिथे. दिल्लीत पहिल्यांदा आलेला मराठी माणूस नवी दिल्ली स्टेशनातून बाहेर पडून अनेकदा तिकडेच वळतो. २०२३ च्या होळीला याच पहाडगंजात एका जपानी तरुणीला काही मुलांनी धरलं, तिच्या तोंडाला जबरदस्तीने रंग फासला, डोक्यावर अंडं फोडलं. ती सुटण्याची धडपड करत होती आणि भोवती लोक उभे होते. चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. मग पोलिसांनी शोध घेतला आणि एका अल्पवयीन मुलासह तिघांना पकडलं. पण तोवर ती बांगलादेशला निघून गेली होती. तिची तक्रार ना पोलिसांकडे होती, ना जपानी दूतावासाकडे. त्यामुळे सुरुवातीला कारवाई झाली ती दिल्ली पोलीस कायद्याखाली, आणि पुढचं तिच्या तक्रारीवर ठरेल असं पोलिसांना सांगावं लागलं. रंग फासणारे हात चित्रणात स्पष्ट दिसत होते. नव्हता तो फक्त तिचा सही केलेला जबाब. त्या गल्लीतला एक माणूस जरी तिला त्याच दिवशी ठाण्यात घेऊन गेला असता, तरी ही उणीव राहिली नसती.

त्याच्या तीनच महिने आधी, २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस, मुंबईत खारमध्ये दक्षिण कोरियाच्या एका तरुणीची रात्री रस्त्यात छेड काढली गेली. ती त्या वेळी थेट प्रक्षेपण करत होती. एका तरुणाने तिचा हात ओढला, चुंबन घेण्याचा प्रयत्न केला, आणि ती निघून गेल्यावरही दोघे दुचाकीवरून तिच्या मागे आले. इथे मात्र मदतीला तरुण धावून आले. मुंबई पोलिसांनी स्वतःहून विनयभंगाचा गुन्हा नोंदवला आणि दोघांना लगेच अटक केली. पुढे त्या तरुणीने सांगितलं, की दुसऱ्या एका देशात तिच्याशी असंच घडलं तेव्हा ती पोलिसांना बोलवूही शकली नव्हती. मुंबईत आपल्याकडे लक्ष दिलं गेलं, हे तिने जगाला सांगितलं. सरोजिनी नगरबद्दल, दिल्लीबद्दलही लोकांनी असंच सांगावं असं मला मनापासून वाटतं.

परदेशी माणसाला आपल्या पोलिसांकडे दाद मागण्याचा हक्क आहे का, असा प्रश्न कुणी विचारला तर ठामपणे होय म्हणा. १९९८ साली हावड्याच्या यात्री निवासात एका बांगलादेशी स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला, त्यात रेल्वेचे कर्मचारी होते. चंद्रिमा दास या कोलकात्याच्या वकील तिच्या वतीने न्यायालयात गेल्या. ही बाई भारताची नागरिक नाही, असा बचाव रेल्वेने केला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २००० रोजी तो फेटाळला. राज्यघटनेच्या २१ व्या कलमातलं जीविताचं संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे, त्यासाठी नागरिक असावं लागत नाही, असं सांगून तिला मिळालेली दहा लाखांची भरपाई न्यायालयाने कायम केली. त्या स्त्रीचा आणि चंद्रिमा दास यांचा पूर्वीचा काही संबंध नव्हता. एक अनोळखी बाई दुसऱ्या अनोळखी बाईसाठी उभी राहिली आणि त्यातून साऱ्या देशासाठी कायदा स्पष्ट झाला. आपल्याला तर फक्त ठाण्यापर्यंत चालत जायचं आहे.

आता ठाण्यात काय करायचं ते नीट समजून घ्या, कारण सोबत जाणाऱ्याला माहिती नसेल तर सोबतीचा उपयोग अर्धाच.

ठाण्यात शिरल्यावर ड्यूटी ऑफिसरसमोर बसावं लागतं. तिथे पहिला सल्ला बहुधा असा मिळतो, की चोरीचं कशाला लिहिता, हरवलं म्हणून लिहा, ऑनलाइन लगेच कागद मिळेल. थकलेला परदेशी माणूस मान हलवतो. तुम्ही हलवू देऊ नका. दिल्ली पोलिसांचा ‘लॉस्ट रिपोर्ट’ ही हरवलेल्या वस्तूची नुसती नोंद आहे. त्यावर तपास होत नाही, चोर शोधला जात नाही. खिशातून काढलेला किंवा हातातून हिसकावलेला फोन हरवलेला नसतो. तसं लिहून देणं म्हणजे घडलेला गुन्हा आपल्याच सहीने नाहीसा करणं. सभ्य शब्दांत पण न डगमगता सांगा, की ही चोरी आहे आणि एफआयआर हवा आहे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिचं १७३ वं कलम लक्षात ठेवा, जमलं तर फोनमध्ये लिहून ठेवा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. घटना सफदरजंगच्या दारात घडली की बाजारात, हद्द याची की त्याची, हा हिशोब पोलिसांनी आपसात करायचा असतो. लुटल्या गेलेल्या माणसाने ठाण्याठाण्यांतून हिंडायचं नसतं. महाराष्ट्रातून येताना गाडीत झाशीजवळ किंवा मथुरेजवळ सामान गेलं असेल, तर तेही दिल्लीत उतरून नोंदवता येतं. चालत्या गाडीतून मदत हवी असेल तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे. तोंडी सांगितलेलं लिहून घेऊन वाचून दाखवणं बंधनकारक आहे आणि प्रत विनामूल्य मिळते. प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

वाचून दाखवणं ही गोष्ट परदेशी माणसाच्या बाबतीत फार नाजूक आहे. दिल्लीत एफआयआर हिंदीत लिहिला जातो आणि त्या हिंदीत जुने फारसी-उर्दू शब्द इतके असत, की २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पोलिसांना साधी भाषा वापरायला सांगितलं. अशा ३८३ शब्दांची यादीच तेव्हा समोर आली होती. नाशिकहून आलेल्या माणसालाही जो मजकूर एका वाचनात कळत नाही, त्यावर नायजेरियाचा विद्यार्थी किंवा काबूलचा रुग्ण सही कशाच्या जोरावर करणार? म्हणून ओळ न ओळ त्याला इंग्रजीत समजावून सांगा. वेळ, जागा, फोनचा आयएमईआय क्रमांक, संशयिताचं वर्णन, हे सगळं त्याने सांगितलं तसंच उतरलं आहे ना, ते पाहा. मग सही. इंग्रजीही जुळत नसेल तर पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन बारा भाषांत चोवीस तास चालते. त्यात अरबी, फ्रेंच, रशियन, जपानी, कोरियन, स्पॅनिश अशा भाषा आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक चोरीत एफआयआरचा आग्रह चालत नाही. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे, तिची फक्त डायरीत नोंद होते आणि तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशीही करता येते. तसं काही सांगितलं गेलं तर वाद घालू नका, परवानगी कुणी दिली ते विचारा आणि डायरीचा क्रमांक घ्या. पण फोन आजकाल सहसा पाच हजारांत येत नाही. पासपोर्ट, कार्ड आणि रोख असलेली पर्स तर नाहीच नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ च्या नोव्हेंबरमध्येच सांगून ठेवलं आहे. तरीही नकार मिळाला तर तीच माहिती लेखी, टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. त्यानेही काम झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दिल्ली विधी सेवा प्राधिकरणाचा १५१६ हा क्रमांक अशा वेळी कामाला येतो.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावणं, पाठलाग करणं, अश्लील शेरे मारणं या गुन्ह्यांत पीडित स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या सरकारी नोकराला भारतीय न्याय संहितेच्या १९९ व्या कलमाखाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. आपल्या बहिणींना माझी वेगळी विनंती आहे. परदेशी मुलीला अशा प्रसंगी पुरुषांच्या घोळक्याने ठाण्यात नेण्यापेक्षा तुम्ही तिचा हात धरून न्या. तिच्या कपड्यांवर, एकटं फिरण्यावर कुणी बोलायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवा.

आणि घडत असताना चित्रण केलं असेल तर ते गटागटांत पाठवू नका. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, पोलिसांना द्या, साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहून द्या. पहाडगंजच्या प्रकरणात चित्रण सगळ्यांकडे होतं, पण नुसत्या चित्रणाने भागलं नाही. दुकानदारांनाही सांगा. कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्याआधी ते राखून ठेवायला हवं.

परदेशी माणसाला घाई असते, म्हणून आपण त्याहून घाई करायला हवी. तक्रार ऑनलाइन किंवा ईमेलने पाठवता येते, पण तीन दिवसांच्या आत सही केली तरच ती नोंदली जाते. विमान परवा असेल तर सही आज किंवा उद्याच व्हायला हवी. देश सोडल्यावर सगळं संपतं, हा समज मात्र काढून टाका. नव्या संहितेत साक्ष आणि सुनावणी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून घेण्याची सोय आहे, त्यामुळे तो आपल्या गावातूनही साक्ष देऊ शकतो. पासपोर्ट गेला असेल तर पोलिसांच्या नोंदीशिवाय पुढे एकही दार उघडत नाही. ती नोंद घेऊन दूतावास, दूतावासाने दिलेला तात्पुरता प्रवासाचा कागद घेऊन परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय, आणि तिथून देश सोडण्याची परवानगी. हे कार्यालय आर. के. पुरमला, म्हणजे बाजारापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. अर्ज त्याच्याच ई-एफआरआरओ पोर्टलवर भरायचा असतो आणि फोनच गेलेला असतो. तुमचा फोन द्या. चोरीला गेलेला फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करायलाही पोलीस तक्रारीची प्रत लागते, तेही तिथेच बसून उरकून घ्या.

काही जण ठाण्यात यायला घाबरतील, कारण त्यांच्या व्हिसाची मुदत संपलेली असते किंवा ते निर्वासित असतात. काही होणार नाही अशी खोटी हमी त्यांना देऊ नका. वसंत विहारला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं कार्यालय आहे, तिथे किंवा वकिलाकडे आधी घेऊन जा. पण मार लागला असेल, जीव धोक्यात असेल तर ११२ लावायला क्षणभरही थांबू नका.

कुणी म्हणेल, आपणच या शहरात परके, आपण कुठे दुसऱ्यांच्या भानगडीत पडायचं? या शहरात परकं दिसणं किती महागात पडतं, ते २०१४ च्या जानेवारीत लाजपत नगरने दाखवलं आहे. अरुणाचल प्रदेशातला एक कॉलेजवयीन मुलगा, आपल्याच देशाचा नागरिक. त्याच्या केसांवरून दुकानात थट्टा झाली, मारामारी झाली, प्रकरण समझोत्यावर मिटवलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा मरण पावला. नंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी तपासायला बेझबरुआ समिती नेमली गेली आणि त्यांच्यासाठी दिल्ली पोलिसांचं खास पथक १०९३ या क्रमांकासह उभं राहिलं. त्या दिवशी त्याच्या बाजूने बोलणारं, समझोता नको, गुन्हा नोंदवा असं म्हणणारं दिल्लीचं एक माणूस तिथे असायला हवं होतं. २०१६ च्या मे महिन्यात वसंतकुंजजवळ ऑटोवरून झालेल्या वादात काँगोच्या एका तरुणाला लोकांनी ठेचून मारलं. ही सगळी ठिकाणं आपल्या घरांपासून काही किलोमीटरवर आहेत.

आणि आपली मुलं? २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा पुण्या-नागपुरातल्या किती घरांत रात्री झोप लागत नव्हती. पुष्कळ मुलांनी पोलिसांत तक्रारच केली नव्हती, कारण तक्रारीने व्हिसा किंवा कायम रहिवासाचा अर्ज अडेल अशी त्यांना धास्ती होती. ३१ मे रोजी हजारो विद्यार्थी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनासमोर जमले. व्हिक्टोरिया पोलिसांनी त्यांच्यासाठी हेल्पलाइन सुरू केली. तेव्हा आपण प्रत्येकाने मनात हीच इच्छा धरली होती, की तिथल्या एखाद्या भल्या माणसाने आपल्या पोराला एकटं सोडू नये. आज आपली मुलं जर्मनीत, आयर्लंडमध्ये, कॅनडात आहेत. त्यांनाही सांगा, की तिथे काही घडलं तर गप्प बसू नका, स्थानिक पोलिसांत जा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही कळवा. आणि मुनिरकात राहणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी मुलासाठी तुम्ही इथे तो भला माणूस व्हा.

२९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, याच सरोजिनी नगरात, पहाडगंजात आणि गोविंदपुरीच्या बसमध्ये स्फोट झाले. साठांहून अधिक माणसं गेली, त्यातली सर्वाधिक या बाजारात. तेव्हापासून बेवारस पिशवी दिसली की इथली पोरंसोरंही ओरडून सांगतात. भाजीवाला सांगतो, चहावाला सांगतो, कुणी माझं काय जातं म्हणत नाही. ज्या बाजाराने इतकी जागरूकता अंगी बाणवली, तो एखाद्या परदेशी मुलीच्या रडण्यापुढे मान फिरवणार नाही, याची मला खात्री आहे. फक्त कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं.

ते आपण टाकू. सरोजिनी नगर, नेताजी नगर, आर. के. पुरम, लक्ष्मीबाई नगर इथल्या प्रत्येक मराठी मंडळाने आणि गणेशोत्सव समितीने या आठवड्यात बैठक घ्यावी. ज्यांना इंग्रजी येतं, ज्यांना संध्याकाळचे दोन तास देता येतील, अशा पाच-सहा जणांची नावं आणि फोन क्रमांक लिहून ठेवावेत, त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात. निवृत्त मंडळींनी पुढे व्हावं, सरकारी कागद कसा वाचायचा हे त्यांना जितकं ठाऊक आहे तितकं कुणाला नाही. सरोजिनी नगर ठाण्याच्या एसएचओंना भेटून ही यादी त्यांच्याकडे द्यावी आणि परदेशी तक्रारदार आला की आम्हाला बोलवा, असं सांगावं. पोलिसांवर पाळत ठेवायला नव्हे, त्यांचं काम हलकं करायला आपण जातो आहोत, हेही सांगावं. बाजारातल्या दुकानदारांच्या संघटनेलाही एक प्रत द्यावी. राजिंदर नगर आणि मुखर्जी नगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींनी आपापल्या वस्तीत अशीच यादी करावी. तुम्ही उद्या जिल्हा चालवणार आहात, ठाणं आजच आतून पाहा.

यादी होईपर्यंत थांबू नका. बाजारात जाताना ११२ आणि १३६३ हे दोन क्रमांक फोनमध्ये ठेवा. गर्दीत कुणी परदेशी माणूस खिसे चाचपत, भांबावून उभा दिसला तर जवळ जाऊन विचारा, आणि त्याला घेऊन ठाण्याकडे चालू लागा.